शिवण, आठ तास

ग्रंथालयाचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत थोरला आणि धाकटा एकमेकांशी जितकं गोड बोलले, तितकं मागच्या नऊ वर्षांत बोलले नव्हते. वहिनीला त्यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. ती दवाखान्यात नर्स. माणूस एकाएकी शहाण्यासारखा वागायला लागला की आधी त्याचा ताप बघायचा, ही तिची सवय.

"अहो, भावजींनी आज तुमची खुर्ची पुसून ठेवलीय," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग?" थोरला म्हणाला.

"मग काही नाही. बसताना जपून बसा."

पत्र तसं साधं होतं. गावातल्या जुन्या ग्रंथालयाने तळघरातली दोन हजार पुस्तकं नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं होतं. पुस्तकं बाहेर न्यायची नाहीत, म्हणून तिथेच एक खोली कामासाठी काढली होती. दोन वर्षांसाठी मुख्य बांधणीकार हवा होता, आणि तो अण्णांच्या, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या, घरातलाच हवा होता. पत्रात 'एकच नाव कळवावे' असं लिहून 'एकच' या शब्दाखाली रेघ मारली होती. उत्तर सोमवारी सकाळी पोचायला हवं होतं, आणि आज रविवार. जेवणं झाली की नाव सांगतो, असं अण्णांनी जाहीर केलं होतं. अण्णांनी एकदा सांगितलं की ते बदलत नसत. ती त्यांची ताकद होती की खोड, यावर घरात दोन मतं होती.

रविवारी सगळे एकत्र जेवायचे ते वर घरात नाही, खाली पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. वरच्या टेबलाशी चारच माणसं बसत. खालच्या कापणीच्या टेबलाशी दहा बसली तरी कोपराला कोपर लागत नसे. पुठ्ठे आणि कापडाचे तागे बाजूला सारायचे, खळीचं पातेलं दूर ठेवायचं (एकदा पाहुण्याने त्यातून वाढून घेतलं होतं), आणि ताटं मांडायची.

नेमक्या याच रविवारी चौकशी आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली.

चौकशी म्हणजे थोरल्याची मुलगी. लहानपणापासून 'का' आणि 'कसं' यांवाचून तिचं वाक्यच संपत नसे, म्हणून धाकट्या काकाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

"आजच?" थोरल्याने तिला दारातच गाठलं. "आज घरात महत्त्वाचं आहे."

"बाबा, उद्या आमचं सादरीकरण आहे. हेही महत्त्वाचंच आहे. आणि एवढं मोठं टेबल दुसऱ्या कुणाकडे आहे?"

टेबलाचं कौतुक झाल्यावर थोरला नरमला. ते त्याने स्वतः घडवून घेतलं होतं.

मैत्रिणींपैकी एक उंच होती आणि बोलकी. दुसरी सगळे तक्ते करायची. ती फारसं बोलायची नाही, आकडाच पुढे करायची. तिघींचा विषय जाडजूड वहीच्या वर लिहिला होता: 'स्त्रियांची दडपणूक: जगाचा एक आढावा'. चार महिने त्या एक्केचाळीस देशांचे अहवाल वाचत होत्या. कुठे मुलींची शाळा बंद केलेली, कुठे घरच्या पुरुषाच्या सहीशिवाय बाईचा कागद हलत नाही, कुठे तिने तक्रार केली तर तिलाच कोठडीत टाकतात. पहिल्या महिन्यात चौकशी रोज रात्री चिडून जेवायची. दुसऱ्या महिन्यात गप्प बसून. मग एक दिवस त्यांच्या बाई म्हणाल्या, देश झाले, आता घरं बघा. तेव्हा तिघींनी आसपासच्या चाळीस घरांतून एक अर्ज भरून घेतला. आपापलं घरही धरलं.

"आमच्याकडे दडपणूक भरपूर आहे," धाकट्याने वाढून घेताना मैत्रिणींना सांगितलं. "पण पुरुषांची. लिहून घ्या. वहिनींना विचारा."

"भावजी, तुम्हाला दाबायला तो कोपऱ्यातला लोखंडी दाबसुद्धा पुरायचा नाही," वहिनी म्हणाली.

"बघा! साक्षीदारांसमोर!"

अण्णा टेबलाच्या टोकाशी बसून हसले. त्यांचा उजवा हात ताटाशी थरथरत होता, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवला होता आणि डाव्याने जेवत होते.

आत्या सगळ्यांत शेवटी येऊन बसली. ती थोरल्याहून लहान, धाकट्याहून मोठी, त्रेपन्न वर्षांची. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, बस चुकल्यासारखं. बसल्या बसल्या तिने अण्णांच्या ताटातल्या पोळीचे न मागता लहान तुकडे करून दिले.

या आठवड्यात दोन्ही भाऊ तिच्याकडे वेगवेगळे येऊन गेले होते. मंगळवारी धाकटा. "ताई, अण्णा तुझं ऐकतात. जरा माझं नाव घाल ना कानावर. ग्रंथपालांशी माझीच ओळख आहे." गुरुवारी थोरला. तो काही मागत नसल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "मोठा म्हणून माझंच नाव जाईल. तू फक्त मध्ये काही बोलू नकोस." दोघांनाही ती "बघू" म्हणाली होती. बोल म्हणणाऱ्याला आणि बोलू नको म्हणणाऱ्याला एकच उत्तर पुरलं, याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. रात्री अंथरुणावर मात्र आलं नव्हतं. आपल्याला काय हवंय हे विचारायला कुणी आलं नाही. कुणी येईल असंही तिला वाटलं नव्हतं, आणि याच गोष्टीने तिची झोप उडवली होती.

जेवणं झाली. ताटं उचलायला वहिनी उठली तसा थोरला म्हणाला, "राहू दे नंतर. अण्णा, सांगता ना?"

"चहा होऊ दे," अण्णा म्हणाले. "तोवर या मुलींचं ऐकू. एवढं जग बघून आल्यात."

हे अण्णांनी वेळ काढायला म्हटलं. रात्रभर ते दोन नावं मनात उलटीपालटी करत होते. थोरल्याची कापणी केसाइतकी अचूक, पण त्याला माणसं सांभाळता येत नाहीत. धाकटा दगडाशीही दोस्ती करेल, पण त्याच्या हाताखालचा पुठ्ठ्याचा कोपरा कधी काटकोनात येत नाही. एकाला दिलं तर दुसरा रुसणार. घर दुभंगू नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ते कसं साधायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

उंच मैत्रीण खूश होऊन उभी राहिली. "आम्ही घरांचा क्रम लावलाय. बाईला दिवसात किती तास घरकाम आणि किती तास व्यवसायाचं काम, यावरून. नावं नाहीत, नुसते क्रमांक. एक ते चाळीस."

"आमचा क्रमांक सांग ना," धाकटा म्हणाला. "पहिल्या पाचात असू."

तक्तेवालीने चौकशीकडे बघितलं. चौकशीच्या चेहऱ्यावरचं हसू किंचित अवघडलं. शेवटचा तक्ता पहाटे तक्तेवालीने एकटीने पुरा केला होता. चौकशीने तो अजून पाहिला नव्हता.

"सांग की," थोरला म्हणाला. "घरात नर्स आहे, शिकणारी मुलगी आहे. घाबरायचं काय?"

"चाळीस," तक्तेवाली म्हणाली.

"चाळिसांपैकी किती?"

"चाळिसावा."

धाकटा मोठ्याने हसला. "शेवटून पहिले! दादा, निदान पहिला नंबर तरी आला!"

"हे काय चाललंय?" थोरला लाल झाला. "कुणी भरला तो अर्ज? कसली दडपणूक आहे इथे? माझी बायको मला विचारून श्वास घेते का?"

"तुम्हीच मला विचारून घेता," वहिनी म्हणाली.

"हे बघा ना काका," उंच मैत्रीण घाईने पानं उलटू लागली. ती घाबरली होती, पण कागद हातात असला की धीट व्हायची. "काकूंचं छान आहे. पण या घरात एक बाई आहेत, त्या रोज तेरा तास घरकाम करतात. तेरा! आणि व्यवसायाचं काम शून्य. आख्ख्या चाळीस घरांत कुणाचे इतके नाहीत. आम्हाला वाईट वाटलं. चौकशीला कसं सांगायचं तेच कळेना."

सगळ्यांच्या नजरा फिरून आत्यावर आल्या. आत्या अण्णांच्या औषधाची गोळी दोन तुकड्यांत मोडत होती.

"तेरा कसे होतील?" चौकशी कागद ओढत म्हणाली. "आत्या, तू काय लिहिलंस?"

"जे करते ते."

चौकशीने वाचलं. आत्याचं अक्षर टाक्यासारखं, बारीक आणि एकसारखं. 'स्वयंपाक, दोन तास. धुणं व आवराआवर, दोन तास. अण्णांचं औषधपाणी, एक तास. शिवण, आठ तास.'

ती कपाळाला हात लावून हसायला लागली. हसता हसता तिला पुढचं बोलता येईना.

"अगं, शिवण! तुम्ही शिवण घरकामात टाकलीत?"

"मग?" उंच मैत्रीण म्हणाली. "आमच्याकडे आजी शिवते. उशांचे अभ्रे, परकर. मला वाटलं यांना आठ तास शिवायला लावतात. म्हणजे मला तर वाटलं, डांबूनच ठेवलंय."

आता मात्र टेबलाभोवती हसण्याचा स्फोट झाला. अण्णांना ठसका लागला. धाकट्याने खिडकीजवळची लाकडी चौकट दाखवली. उभे दोर ताणून बांधलेली, त्यावर अर्धं शिवलेलं एक जाड पुस्तक. "ही बघा कोठडी! बिलावर आम्ही जुजबंदी लिहितो. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकेक करून दोऱ्याने दोरांवर शिवायचे. घरात म्हणतो शिवण. ताईची शिवण म्हणजे ही."

"हात्तिच्या!" उंच मैत्रीण खाली बसली. "म्हणजे हा व्यवसाय झाला."

"झाला ना," वहिनी म्हणाली. "करा दुरुस्ती. येऊ दे आम्हाला वर."

तक्तेवालीने पेन्सिल उचलली. ती नीटनेटकी मुलगी होती. तिने आठचा आकडा खोडला, आणि थांबली. "पण वर एक प्रश्न आहे. 'आपला व्यवसाय'. तिथे त्यांनी रेघ मारलीय."

"लिहा की पुस्तकबांधणी," धाकटा म्हणाला.

"तसं नाही," थोरला म्हणाला. त्याला हिशोब नेमका लागे. "बांधणी आम्ही करतो. ती मदत करते. मदत म्हणून काही रकाना असेल तर त्यात घाला."

"मदत किती वर्षं?" तक्तेवालीने विचारलं.

"झाली असतील..." थोरला अण्णांकडे वळला.

"एकतीस," आत्या म्हणाली.

"आणि काका, तुमच्या अर्जात बांधणी सहा तास आहे," तक्तेवाली कागद बघत म्हणाली. आवाजात कुठे टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "त्या आठ तास, तुम्ही सहा. मग कोण कुणाला मदत करतं, ते सांगाल का? म्हणजे मला भरता येईल."

धाकटा हसायला गेला आणि त्याचं हसू मध्येच अडकलं. त्याच्या अर्जात चार तास होते.

चौकशीला मात्र आता राहवेना. चार महिन्यांचं सगळं वाचन तिच्या ओठांशी आलं. ती उभी राहिली. "बघा! हेच आम्ही वाचत होतो. बाईचं काम दिसतच नाही. आणि मी मूर्ख, एक्केचाळीस देश शोधले आणि घरात आत्या! अण्णा, हा अन्याय आहे. आत्यावर एकतीस वर्षं—"

"ए," आत्या म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण चौकशी खाली बसली.

"मला बिचारी करू नकोस. तुझ्या वहीत ज्या बायका आहेत ना, त्यांची तोंडं बांधलीत. माझं कुणी बांधलं नव्हतं. सत्तावीस हजार पुस्तकं शिवलीत मी, आणि त्यातलं एकही सुटून परत आलेलं नाही. ते मी आवडीने केलंय. रडत नाही."

"मग व्यवसायात रेघ का मारलीस?" चौकशीने हळूच विचारलं. कितीही झालं तरी ती चौकशीच.

आत्याने गोळीचे दोन तुकडे अण्णांच्या तळव्यावर ठेवले. मग पाण्याचा पेला ठेवला. पुढे करायला हातात काहीच उरलं नाही, आणि म्हणून असेल, ती बोलली.

"अण्णा, ग्रंथालयाची जागा मला हवी आहे."

मागच्या शेगडीवर ठेवलेल्या चहाला उकळी आलेली वहिनीला ऐकू येत होती, पण ती हलली नाही.

"तुला?" थोरला म्हणाला. त्यात राग नव्हता. टेबलच बोलल्यासारखं आश्चर्य होतं.

"मला. तळघरातली ती पुस्तकं मी पाहून आलेय. मागच्या महिन्यात तू मला बिल पोचवायला तिथे पाठवलंस तेव्हा. पाठी गेल्यात, फर्मे सुटलेत, पण कागद अजून जिवंत आहे. त्यांना कापणी चालणार नाही, दादा. त्यांना आधी उसवायला लागेल आणि मग शिवायला. दोन हजार. मला ती शिवायचीत."

"ताई, मग मंगळवारी बोलली का नाहीस?" धाकटा कळवळून म्हणाला. "मी आपला तुझ्याकडेच वशिला लावत बसलो!"

"तू विचारलं नाहीस."

"तू वशिला लावलास?" थोरला धाकट्याकडे वळला.

"आणि तू गुरुवारी आला होतास," आत्या म्हणाली.

वहिनी तोंडावर पदर धरून चहाकडे पळाली.

"ते राहू दे," थोरला घसा खाकरून म्हणाला. "मुद्द्याचं बोलू. दोन वर्षं तू तिकडे. मग इथलं शिवायचं कुणी? पंधरवड्यात शाळेची दीडशे पुस्तकं द्यायचीत. आम्हा दोघांना शिवण येत नाही. तू गेलीस तर कारखाना बंद पडेल!"

बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं. तक्तेवालीने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. धाकट्याने वाकून बघितलं आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, भरला गेला बघ तुझा रकाना."

आता सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा चौकटीकडे बघत होते.

त्यांना ती सकाळ स्वच्छ आठवत होती. शिवणारा कारागीर काम सोडून गेला होता, मोठी मागणी अडली होती, आणि बावीस वर्षांची मुलगी कॉलेजची पुस्तकं हातात घेऊन दाराशी उभी होती. तेव्हा त्यांनीच तिला हाक मारली होती. चार दिवस बस गं. माणूस मिळेपर्यंत. त्यांनी माणूस शोधला होता का? पहिला आठवडा शोधला असावा. मग तिचा हात इतका बसला की शोधायचं राहूनच गेलं. तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. रात्रभर दोन नावं घोळवली, पण हे तिसरं त्यांना सुचलंसुद्धा नाही. त्यांना लाज वाटली. या वयात लाज वाटली तर ती लपवायला जागाही फारशी उरत नाही.

"मी तुला चार दिवसांसाठी बसवलं होतं," ते म्हणाले. "आठवतं?"

"आठवतं."

"तुझं कॉलेज राहिलं."

"राहिलं. पण शिवण आली."

"ते चार दिवस फार लांबले, पोरी. चूक माझी. ते आज संपले असं धर." त्यांनी थरथरता हात टेबलावर आणून सगळ्यांसमोर ठेवला. "मी एकच नाव सांगणार म्हटलं होतं. ते हे. पत्र मात्र तूच लिही. माझं अक्षर आता ग्रंथपालाला भूकंपासारखं वाटेल."

चौकशी ओरडली आणि उंच मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. थोरला काही वेळ टेबलाची कड अंगठ्याने चाचपत राहिला. त्याला ती जागा मनापासून हवी होती. पण अचूक माणसाची एक अडचण असते, चुकीचं माप त्याला स्वतःच्या फायद्याचं असलं तरी खुपतं.

"'अनुभव' लिहायला विसरू नकोस," तो शेवटी म्हणाला. "एकतीस वर्षं. आणि तिथे मदत बिदत लिहू नकोस. बांधणी लिही."

आत्याने मान डोलावली. तिचे डोळे भरले होते, पण तिने मान खाली घालून चष्मा पुसायला घेतला, त्यामुळे ते कुणाला दिसले नाहीत.

"आणि दीडशे पुस्तकं?" वहिनी चहा ठेवत म्हणाली. "कोण शिवणार? भावजी, की तुम्ही?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. नऊ दिवसांचा गोडवा संपला होता. आता त्यांना पुन्हा नेहमीसारखं भांडता येणार होतं, आणि दोघांनाही ते बरं वाटलं.

"माझी बोटं जाड आहेत," धाकटा म्हणाला.

"जीभ जाड असती तर बरं झालं असतं," थोरला म्हणाला, आणि उठून चौकटीपुढच्या स्टुलावर जाऊन बसला.

आत्याने त्याला दोरा कसा मेणावरून ओढायचा ते दाखवलं. सुई फर्म्याच्या घडीतून आत, दोराला वळसा, पुन्हा आत. "ओढ, पण ताणू नकोस." मग ती पत्र लिहायला टेबलाशी गेली. मुली बाजूला खुर्च्या ओढून बसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना वहीत काही लिहायची घाई नव्हती.

अर्ध्या तासात थोरल्याचे चार फर्मे झाले. सुई दोनदा बोटात गेली होती आणि मान अवघडली होती, पण त्याला वाटलं, झालं की. एवढं काही अवघड नाही. एकतीस वर्षं तो शिवलेलं पुस्तक तिच्या हातून घ्यायचा आणि थेट कापणीला न्यायचा. पाठीचे टाके बघायला तो कधी थांबला नव्हता. आज आपले चार बघून त्याला चक्क अभिमान वाटला.

"ये, बघ," त्याने हाक मारली.

आत्या पत्र हातात वाळवत आली. खाली वाकून तिने पाठीवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"उसव," ती म्हणाली.

"किती?"

"सगळं."